बातमी आणि मत यांच्या मधला माणूस

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एरी नावाची काउंटी आहे. तिथल्या एका उपाहारगृहात एक बाई वाढपाचं काम करायची. १९४० साल, अध्यक्षपदाची निवडणूक रंगात आलेली. एका बाजूला फ्रँकलिन रूझवेल्ट, दुसऱ्या बाजूला वेंडेल विल्की. विल्की बरा अध्यक्ष होईल, असं या बाईला आधी वाटत होतं. पुढे तिचं मत फिरलं. का फिरलं, हे विचारायला आलेल्या मुलाखतकाराला तिनं सांगितलं, की विल्कीच्या विरोधात पेपरात थोडंफार वाचलं होतं खरं, पण खरं कारण ते नव्हतं. जेवायला येणारी गिऱ्हाइकंच म्हणत होती, की हा माणूस काही कामाचा नाही.

मतदार आपलं मत कसं ठरवतो आणि त्यात पेपर, रेडिओ, टीव्ही, मोबाइल यांचा हात किती, यावर गेल्या पंच्याऐंशी वर्षांत जगभर ढीगभर संशोधन झालं. त्याचा माग काढत मागे जावं तर वाट या बाईपाशी पोचते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे हमखास म्हटलं जातं, की मीडियानं निवडून आणलं किंवा मीडियानं पाडलं. त्या विधानाची इतकी कसून तपासणी झालेली आहे आणि तिच्यातून इतकं काही हाती आलेलं आहे, की ते विद्यापीठाच्या कपाटात पडून राहणं मला सहन होत नाही.

तपासणी करणारा माणूस व्हिएन्नाचा. पॉल लाझार्सफेल्ड, जन्म १९०१, डॉक्टरेट गणितात, घर समाजवाद्यांचं आणि तरुणपण समाजवादी चळवळीत गेलेलं. व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल गावातली कापडगिरणी बंद पडली तेव्हा बेकारीनं त्या गावाचं काय झालं, याचा अभ्यास त्यानं मारी याहोदा आणि हान्स झाइझेल यांच्यासोबत केला. तो १९३३मध्ये प्रसिद्ध झाला. पोटापाण्यासाठी मात्र तो बाजारपेठेची पाहणी करायचा. लोक कोणता साबण घेतात, का घेतात, हे शोधण्याची रीत आणि समाजवादी पक्षाला मत का देतात हे शोधण्याची रीत मुळात एकच आहे, असं त्यानं पुढे स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं. १९३३ साली रॉकफेलर प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर तो अमेरिकेला गेला. ऑस्ट्रियात समाजवाद्यांचा मोड झाला आणि तो तिकडेच राहिला.

तिकडे लोकमत मोजण्याचा धंदा नुकताच एका फजितीतून सावरत होता. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं १९३६मध्ये सुमारे १ कोटी नमुना मतपत्रिका टपालानं पाठवल्या. २० लाखांहून अधिक भरून परत आल्या आणि साप्ताहिकानं रूझवेल्टचा प्रतिस्पर्धी आल्फ लँडन याचा विजय जाहीर करून टाकला. प्रत्यक्षात ४८पैकी ४६ राज्यं रूझवेल्टनं घेतली. मंदीच्या काळात टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या आणि मोटारींच्या नोंदण्या यांतून पत्ते उचलले, की गरीब माणूस यादीत येणार कसा? जॉर्ज गॅलपनं त्याहून कितीतरी लहान नमुन्यावर रूझवेल्टचं नाव बरोबर सांगितलं. किती जणांना विचारलं यापेक्षा कुणाला विचारलं हे महत्त्वाचं, हा धडा तेव्हा पक्का झाला.

लाझार्सफेल्डला मात्र कोण जिंकणार यात रस नव्हता. माणसाचं मत बदलताना त्याला पाहायचं होतं. त्यासाठी त्यानं एरी काउंटी निवडली. लोकवस्ती ४३,०००, सॅन्डस्की हे तिथलं मुख्य शहर, भोवती शेती. गेली चाळीस वर्षं इथलं मतदान देशाच्या मतदानापासून फारसं ढळलेलं नव्हतं. १९४०च्या मे महिन्यात दर चौथ्या घराचं दार वाजवून साधारण ३,००० जणांना विचारलं गेलं. त्यांतून ६००-६०० जणांचे चार सारखे गट पाडले. एका गटाला मे ते नोव्हेंबर दर महिन्याला पुन्हा पुन्हा भेटायचं. बाकीच्या तिघांना एकेकदाच. असं का? सारखं विचारत राहिल्यानंच माणूस राजकारणाकडे जास्त लक्ष देऊ लागला, तर ते कळायला हवं म्हणून. शास्त्र म्हणतात ते या काळजीत असतं. लाझार्सफेल्ड, बर्नार्ड बेरेल्सन आणि हेझेल गॉडेट या तिघांनी मिळून हा अभ्यास लिहिला. १९४४ साली तो पुस्तकरूपानं आला.

अपेक्षा अशी होती, की जाहिरातीनं साबण खपतो तसा प्रचारानं उमेदवार खपताना दिसेल. आकडे वेगळंच बोलले. निम्म्याहून जास्त लोकांचं मत मे महिन्यातच, म्हणजे पक्षांची अधिवेशनं होण्याआधीच, ठरलेलं होतं. सगळ्या प्रचाराअंती एका पक्षाकडून थेट दुसऱ्या पक्षाकडे गेलेले सुमारे ८ टक्के. ५३ टक्क्यांच्या बाबतीत प्रचारानं केलं ते एवढंच, की आधीचं मत घट्ट केलं. सांपत्तिक स्थिती, धर्म आणि राहणं शहरात की खेड्यात, या तीन गोष्टी कळल्या की कोण कुणीकडे झुकणार याचा बराच अंदाज येत होता. खेड्यातला सुस्थितीतला प्रोटेस्टंट रिपब्लिकनांकडे, शहरातला कॅथलिक कामगार डेमोक्रॅटांकडे. ज्याच्या वाट्याला यांतली एक गोष्ट इकडे ओढणारी आणि दुसरी तिकडे ओढणारी आली, तो शेवटपर्यंत घुटमळत राही. पुष्कळदा त्याचा राजकारणातला रसच आटून जाई.

मग अखेरच्या क्षणी ठरवणारे कुणाचं ऐकत होते? इथे ती वाढपी बाई महत्त्वाची ठरली. लोक पेपरापेक्षा आणि रेडिओपेक्षा माणसांची नावं जास्त घेत होते. म्हणून त्या ६०० जणांना दोन साधे प्रश्न विचारले गेले: अलीकडे तुम्ही कुणाला आपलं राजकीय मत पटवून द्यायचा प्रयत्न केलात का? आणि कुणी तुम्हाला राजकारणाबद्दल सल्ला विचारला का? दोहोंपैकी एकाला जरी होकार आला तरी तो माणूस मतपुढारी धरायचा. असे लोक प्रत्येक थरात निघाले, कामगारांत कामगार, शेतकऱ्यांत शेतकरी. आणि तेच पेपर जास्त वाचत होते, रेडिओ जास्त ऐकत होते. बातमी आधी त्यांच्यापर्यंत आणि त्यांच्याकडून पुढे, अशी दोन टप्प्यांची वाट दिसली. पुढे १९४५मध्ये इलिनॉय राज्यातल्या डिकेटर शहरात ८०० बायकांच्या मुलाखती घेऊन हीच वाट पुन्हा चाचपली गेली. बाजारहाट, फॅशन, सिनेमा आणि सार्वजनिक प्रश्न या चार बाबतींत त्या कुणाचा सल्ला घेतात, हे विचारलं गेलं. एलिहू काट्झ आणि लाझार्सफेल्ड यांचं त्यावरचं पुस्तक १९५५चं.

पुढच्या काळात या अभ्यासाचं वाचन मात्र घाईचं झालं, असं माझं मत आहे. ‘माध्यमांचा परिणाम नगण्य’ असं सूत्र त्यातून काढलं गेलं आणि १९६०मध्ये जोसेफ क्लॅपरच्या पुस्तकानं त्याला जवळपास मान्यतेचा शिक्का दिला. पण ५३ टक्के लोकांना आपल्या जागी घट्ट धरून ठेवणं हे काय लहान काम आहे? निवडणुकीत काम केलेल्या कुठल्याही कार्यकर्त्याला विचारा. आपला मतदार सुटू न देणं यातच त्याचा जीव अर्धा होतो. शिवाय तो मधला माणूस तरी बोलतो कशाच्या जोरावर? त्यानं आधी काहीतरी वाचलेलं, ऐकलेलं असतंच. १९६०च्याच सुमारास मिशिगन विद्यापीठातल्या अँगस कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी देशभरच्या पाहण्यांवरून दाखवलं, की पक्षनिष्ठा माणसाला घरातूनच मिळते आणि बातम्याही तो त्या चष्म्यातून पाहतो. माध्यमांविषयीचं कुतूहल त्यानंतर काही वर्षं मागेच पडलं.

ते परत आणलं मॅक्सवेल मॅकूम्ब्ज आणि डोनाल्ड शॉ या पत्रकारिता शिकवणाऱ्या दोघांनी. १९६८ची निवडणूक, नॉर्थ कॅरोलायनातलं चॅपल हिल गाव, आणि अजून मत न ठरलेले फक्त १०० मतदार. या शंभरांना विचारलं, की तुमच्या मते सरकारनं कशाकडे लक्ष द्यायला हवं? दुसरीकडे हे लोक जे पेपर, साप्ताहिकं आणि टीव्हीच्या बातम्या पाहत-वाचत होते, त्यांत कोणत्या प्रश्नाला किती जागा मिळाली हे मोजलं. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर क्रम जवळपास तंतोतंत जुळला. कुणाला मत द्यायचं हे बातमी सांगत नसेल. पण निवडणूक कशावर लढली जातेय हे तीच ठरवते. १९७२मध्ये हा निबंध छापून आला. माझ्या लेखी या साऱ्या परंपरेतला सर्वांत उपयोगी शोध हाच. महागाईवर लढलेली निवडणूक आणि सीमेवरच्या चकमकीवर लढलेली निवडणूक यांत तेच मतदार वेगळा उमेदवार निवडू शकतात, एकाचंही मन ‘वळवलेलं’ नसताना.

तरी एक शंका उरतेच: पेपरानं लोकांच्या मनात प्रश्न घातले, की लोकांच्या मनातलंच पेपरानं छापलं? शांतो अय्यंगार आणि डोनाल्ड किंडर यांनी तिचा निकाल प्रयोगानं लावला. लोकांना बोलावून आठवडाभर रोज टीव्हीच्या बातम्या दाखवल्या. बातम्या खऱ्याच, पण कापून-जोडून तयार केलेल्या. कुणाच्या वाट्याला देशाच्या संरक्षणातल्या उणिवांवरच्या जास्त, कुणाच्या वाट्याला दुसऱ्या एखाद्या प्रश्नावरच्या. आठवड्याअखेर ज्यानं जे जास्त पाहिलं ते त्याला जास्त गंभीर वाटू लागलं होतं. एवढंच नाही, राष्ट्राध्यक्षाचं मूल्यमापनही तो त्याच मापानं करू लागला. त्यांचं पुस्तक १९८७चं. २००७ साली स्टेफानो डेलाविन्या आणि इथन कॅप्लन या अर्थशास्त्रज्ञांनी आणखी चलाख वाट शोधली. फॉक्स न्यूज ही वाहिनी १९९६पासून काही गावांच्या केबलवर आली, शेजारच्या गावांत आली नाही. दोन्हीकडच्या मतमोजणीची तुलना केली, तर २०००च्या निवडणुकीत वाहिनी पोचलेल्या गावांत रिपब्लिकनांची मतं ०.४ ते ०.७ टक्के बिंदूंनी वाढलेली निघाली. आकडा किरकोळ दिसतो. पण ती निवडणूक फ्लोरिडातल्या काहीशे मतांवर ठरली होती.

आपल्याकडे या विद्येचं एक मूळ पुण्यात रुजलं, ही गोष्ट मराठी वाचकाला क्वचितच सांगितली जाते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीवर राज्याराज्यांतून आलेल्या अहवालांचा जो ग्रंथ १९५६मध्ये मुंबईत निघाला, त्याचे एक संपादक फर्ग्युसन महाविद्यालयाचे श्री. वि. कोगेकर होते, दुसरे अमेरिकन अभ्यासक रिचर्ड पार्क. नंतर पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागातले व. मं. सिरसीकर १९६२ची निवडणूक घेऊन थेट मतदारांकडे गेले; त्यांचं पुस्तक १९६५चं. १९६७मध्ये त्यांनी पुणे मतदारसंघ पुन्हा अभ्यासाला घेतला आणि १९७३मध्ये दुसरं पुस्तक दिलं. १९६२ला ही जागा काँग्रेसकडे गेली होती, १९६७ला विरोधी पक्षाचे एस. एम. जोशी निवडून आले. एकाच शहराला दोन वेगवेगळ्या कौलांच्या वेळी विचारून पाहणं, हे काम त्या काळात, संगणकाशिवाय, हातानं तक्ते मांडून करायचं होतं.

एरी काउंटीतला प्रश्न आपल्या इतिहासाला लावून पाहण्यासारखा आहे. आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ नोव्हेंबर १९५६मध्ये सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी संयुक्त महाराष्ट्र समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर तडाखा दिला. ‘मराठा’ वाचून मत बनलं, की मत बनलेलं होतं म्हणून ‘मराठा’ विकत घेतला? दोन्ही असणार. पण मला मधला माणूस जास्त दिसतो: चाळीच्या कठड्याशी उभं राहून अग्रलेख मोठ्यानं वाचून दाखवणारा, गिरणीच्या पाळीत त्यावर वाद घालणारा. आणि पेपर जिथे पोचत नव्हता तिथे अमरशेख, अण्णाभाऊ साठे यांची कलापथकं पोचत होती. शाहीर हा आमच्याकडचा मतपुढारीच. त्यानं बातमी नुसती पुढे ढकलली नाही. तिला चाल दिली आणि राग दिला.

दिल्लीत रजनी कोठारींनी १९६३मध्ये विकसनशील समाज अध्ययन केंद्र काढलं आणि १९६७च्या निवडणुकीत देशभरच्या मतदारांचा पहिला अभ्यास केला. १९७१ आणि १९८०मध्येही तो झाला, त्यानंतर मात्र मोठा खंड पडला. १९९६मध्ये योगेंद्र यादव आणि सहकाऱ्यांनी तो पुन्हा उभा केला. केंद्राच्या ‘लोकनीती’ या जाळ्यात पुण्याचे सुहास पळशीकर सहसंचालक म्हणून कितीतरी वर्षं होते आणि महाराष्ट्रातलं पुष्कळ काम पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागातून झालं.

हे काम जवळून कसं दिसतं? मतदारयादीतून ठरावीक अंतर सोडून नावं उचललेली असतात. कॉलेजातला मुलगा किंवा मुलगी ती नावं घेऊन वस्तीत जाते. यादीत सुनेचं नाव असेल तर सुनेलाच विचारायचं. दारात आलेला दीर किंवा सासरा ‘तिला काय कळतंय, मला विचारा’ म्हणाला तरी. मत कुणाला दिलं हे तोंडानं विचारायचं नाही. चिन्हं छापलेला कागद द्यायचा, तो खूण करून, घडी घालून सोबत आणलेल्या पेटीत टाकायचा. मग बाकीचं: मत कधी ठरवलं, प्रचार सुरू होण्याआधी की मतदानाच्या दिवशी, ठरवताना कुणाचं म्हणणं महत्त्वाचं वाटलं, पेपर रोज वाचता की कधीतरी, टीव्हीवर बातम्या पाहता का. अर्धा-पाऊण तास जातो. मोबदला अगदी बेताचा असतो, ऊन भरपूर असतं. मतदान संपल्याच्या संध्याकाळी पडद्यावर चमकणाऱ्या एक्झिट पोलच्या आकड्यांशी या कामाची गल्लत होते याचं मला वाईट वाटतं. पोल निकालासोबत संपतो. ही उत्तरं निकालानंतर कामाला लागतात. कोणत्या जातीतल्या, कोणत्या वयाच्या, किती शिकलेल्या बाईनं काय केलं, हे आपल्याला आज थोडंफार ठाऊक आहे ते या मुलामुलींच्या पायपिटीमुळे.

चॅपल हिलच्या अभ्यासात एक गृहीत दडलेलं होतं: कोणती बातमी मोठी, हे संपादक ठरवतो. २००९च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रानं ते गृहीत मोडलेलं पाहिलं. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी वर्तमानपत्रांत एकाच नेत्याच्या कौतुकाचा मजकूर शब्दशः सारखा कसा येतो, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी अंक समोर ठेवून दाखवलं. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं २०१०मध्ये पेड न्यूजवर अहवाल दिला. विषयांची यादीच पैसे देऊन लिहून घेता येत असेल, तर वाचकाला कुणी ‘प्रभावित’ केलं हा प्रश्न राहत नाही. वाचकाला फसवलं गेलं, एवढंच म्हणता येतं.

आणि मोबाइल? २ नोव्हेंबर २०१०ला अमेरिकेत संसदेच्या निवडणुका होत्या. त्या दिवशी फेसबुकनं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांसोबत सुमारे ६.१ कोटी लोकांवर प्रयोग केला. बहुतेकांना ‘आज मतदान करा’ असा संदेश दिसला आणि त्याखाली मतदान केलेल्या त्यांच्या मित्रांचे चेहरे. थोड्यांना नुसताच संदेश, थोड्यांना काहीच नाही. नुसत्या संदेशाचा मतदानावर काहीही परिणाम झाला नाही. चेहरे दिसले तिथे झाला, आणि तोही जवळच्या मित्रांमधून पसरत गेला. एकूण सुमारे ३.४ लाख मतं वाढली, असा अंदाज २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. बाकी सगळं बदललं, मधला माणूस तोच राहिला. फरक एक आणि तो फार मोठा: १९४०मध्ये ज्यांच्यावर अभ्यास झाला त्यांना आपल्याला कोण, काय विचारतंय हे माहीत होतं. २०१०मध्ये त्या कोट्यवधींना कुणी विचारलंच नव्हतं. आठ वर्षांनी, केंब्रिज अॅनालिटिका प्रकरणात ८.७ कोटी लोकांची माहिती त्यांच्या नकळत बाहेर गेल्याचं फेसबुकला कबूल करावं लागलं. लाझार्सफेल्डचं शास्त्र तोवर विद्यापीठातून कंपनीच्या आवारात गेलेलं होतं. अभ्यासकांसाठी जी दारं किलकिली होती तीही मिटत चालली आहेत. फेसबुकवर काय पसरतंय हे बाहेरच्यांना पाहू देणारं क्राउडटँगल हे साधन कंपनीनं ऑगस्ट २०२४मध्ये बंदच केलं.

त्यामुळे भारतात हे काम करणाऱ्यांना पुन्हा दारोदार जाणं भाग आहे, आणि मला त्यात काही वाईट दिसत नाही. सुमित्रा बद्रिनाथन यांनी २०१९च्या निवडणुकीच्या वेळी बिहारमध्ये गया इथे १,२२४ जणांवर प्रयोग केला. त्यांतल्या अनेकांच्या घरी जाऊन तासभर बसून व्हॉट्सअॅपवरची खोटी बातमी कशी ओळखावी हे शिकवलं. एकंदरीत काही फरक पडला नाही. काही पक्षनिष्ठांच्या बाबतीत तर उलटाच परिणाम झाला. एका तासानं काय होणार, असं म्हणून त्या थांबल्या नाहीत. पुढे सहकाऱ्यांसोबत बिहारमध्येच आठवी ते बारावीच्या सुमारे १३,५०० विद्यार्थ्यांना घेऊन, गावोगावच्या ग्रंथालयांत, १४ आठवडे वर्ग चालवले. मुलांना खरं-खोटं जास्त चांगलं ओळखता येऊ लागलं, आणि चार महिन्यांनी तपासलं तरी ते टिकून होतं. वर्गात पाऊलही न ठेवलेल्या त्यांच्या आईवडिलांनाही तपासलं गेलं. खोटी बातमी ओळखण्यात तेही सुधारले होते.